माझी गोळी, माझी मर्जी

३ जून, सोमवार
नैराश्यावरची गोळी सुरू करून दोन महिने झाले. तब्येत फर्स्ट क्लास. सकाळी उठता येतं, अंघोळ होते, सलूनमध्ये गिऱ्हाइकांशी गप्पाही होतात. धाकटा भाऊ म्हणतो, औषध लागू पडलं. औषधाचं काय त्यात? दुकानात नवा आरसा बसवला, त्याचा परिणाम. शिवाय मनाची ताकद. उद्यापासून सकाळी फिरायला.

५ जून
फिरायला जमलं नाही. बुटाची लेस तुटली.
संध्याकाळी समुपदेशक बाईंकडे. म्हणाल्या, मोकळेपणाने बोला. मी सलूनवाला माणूस, दिवसभर बोलतच असतो. पाऊण तास त्यांना केसगळतीवर सल्ला दिला. पुन्हा जायची गरज वाटत नाही.

१० जून
निर्णय. गोळी बंद. बरा माणूस गोळ्या खातो का? डॉक्टरांनी बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय थांबवू नका, कमी करायची तर हळूहळू. सगळ्यांनाच तसं सांगत असतील. भावाला बोललो नाही, उगाच डोकं खाईल.

१३ जून
चक्कर. डोक्यात मधूनच करंट बसल्यासारखं होतं. पंख्याचा दोष. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पंखा ठणठणीत आहे. हल्ली कामाची माणसं मिळत नाहीत.

१५ जून, दुपारी
दाढी करताना हेडमास्तरांच्या कानाला वस्तरा लागला. हललात, म्हटलं. ते म्हणाले, अजिबात नाही. शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक सोडून भाऊ आला, त्याने कापूस लावला आणि वस्तरा माझ्या हातातून काढून घेतला. सगळ्यांसमोर.

२४ जून
उठलो नाही. भावाला सांगितलं, पाठ दुखतेय.

२६ जून
पाठ.

२९ जून, शनिवार
भावाने धरून डॉक्टरांकडे नेलं. गोळी का थांबवली? म्हटलं, प्रयोग म्हणून. ते हसले नाहीत. पुन्हा कमी डोसपासून सुरुवात, फरक दिसायला काही आठवडे, आणि जिवाचं काही बरंवाईट मनात आलं तर ताबडतोब फोन. हे शेवटचं त्यांनी भावालाही सांगितलं.
मग समुपदेशक बाई. झोप लागते का, एवढंच विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. वेळ संपेपर्यंत रडलो.
बाहेर बाकावर भाऊ. ऐन शनिवारी दुकान बंद ठेवून आलेला. मी म्हटलं, बरा आहे मी, तू जा. तो म्हणाला, दादा, आता पुरे, मी दमलोय रे. त्याच्याशेजारी टेकलो. काय बोलावं ते ठरवेपर्यंत त्याला बसल्या जागी झोप लागली होती.