लेक की सून

आई,

ती गाणारी बाई त्या घरची लेक होती की सून? तू मला हे विचारलंस तेव्हा मी नववीत होते आणि मला वाटलं होतं, त्यात काय, शनिवारी वाचनालयात जाऊन बघून येते. आता मी दुसऱ्यांच्या मुलांना इतिहास शिकवते, आपल्या घरात पदवी घेतलेली पहिली ती माझी लेक, असं दादा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

तो प्रश्न पुन्हा वर आला, कारण माझं लग्न ठरलंय. मुलगा नाशिक रोडला राहतो. तुला आवडला असता, दुसऱ्यांदा वाढलेलं तो नको म्हणत नाही. गेल्या रविवारी त्याची आई आली होती. प्रेमळ आहेत. चहा घेता घेता म्हणाल्या, "नाव काय ठेवायचं ते आम्ही बघून ठेवलंय हो. त्याच्या नावाला शोभेल असं. भांड्यांवर तेच घालून घे, म्हणजे रुखवतात छान दिसेल." मी म्हटलं, "माझं आहे ते नाव चालणार नाही का? आडनावासकट?" त्या हसल्या. "अगं, माझंही बदललं. आता कुणी जुन्या नावाने हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघायची नाही." त्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. पण मला त्या वाक्याची भीती वाटली. मी म्हटलं, मला दोन-चार दिवस द्या. त्या म्हणाल्या, "घे की. पण एकदा नाव घातलं की पुसता येत नाही हं, भांडं वाया जातं."

त्या गेल्या, आणि मला सातपूरचं ते मशीन आठवलं.

तू तेव्हा साबणाच्या कारखान्यात कॅन्टीनला होतीस. इटलीहून वड्या गुंडाळायचं नवं मशीन आलं होतं. लाकडी खोक्यातून ते बाहेर काढलं तो दिवस तू घरी येऊन असा सांगितलास, की जणू कुणाकडे मूल जन्माला आलं होतं. "हात नाय लावावा लागत गं. कागद आपला आपण दुमडतो, पदर खोचल्यासारखा." मग दसरा आला. सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि हळदीकुंकू लावायला कॅन्टीनच्या बायकांना बोलावलं. घरच्यांनाही आत सोडायचे त्या दिवशी, म्हणून मी तुझ्या मागे उभी होते. तू कुंकवाचं बोट टेकवायला जागा शोधत होतीस आणि तुला ती पितळेची पट्टी दिसली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. तुला मराठी वाचता यायचं, चौथीपर्यंत शिकली होतीस, पण हे नाही. तू सुपरवायझर साहेबांना विचारलंस, "काय लिव्हलंय हो?"

"आडनाव आहे, मावशी. ज्याने मशीन बनवलं त्याचं."

"म्हंजे भांड्यावर घालत्यात तसं?"

साहेब म्हणाले, "तसंच समजा." तू ते बोट पट्टीवर न टेकवता तिच्या बाजूला टेकवलंस, नाव झाकलं जाऊ नये म्हणून. मी बघत होते.

मशीन चालू करून द्यायला तिकडून एक इंजिनीयर आला होता. उंच, टक्कल पडलेला, आपल्या ठेच्याला घाबरून नुसता वरणभात खाणारा. गंमत अशी, की त्याच्या खिशावरच्या पट्टीवर तेच आडनाव होतं. दसऱ्याच्या त्या दिवशी जेवणाच्या वेळीही मी कॅन्टीनमध्ये तुझ्याबरोबर होते. तुला राहवलं नाही. वाढता वाढता तू सुपरवायझर साहेबांना म्हणालीस, "हे मशीनच्या मालकाचे कोण लागतात, इचारा की." साहेबांनी विचारलं. तो पाणी पिऊन हसला आणि म्हणाला, कुणी नाही, आमच्याकडे झाड हलवलं तरी या आडनावाची माणसं खाली पडतात. त्याचे वडील पाव भाजायचे. पण मग त्याने हातातला चमचा खाली ठेवला आणि बोटं मोजायला लागला. या आडनावाचा एक चित्रकार होऊन गेला, देवळांच्या छतांवर चित्रं काढणारा. एक व्हायोलिनं बनवायचा. एक धूमकेतूंच्या वाटा मोजायचा. आणखी एक बाई होती, गाणारी. साहेब म्हणाले, त्याचे यातले कुणी नात्यातले नाहीत, तरी बघा कसा सांगतोय.

तू घरी येऊन दादांना सांगितलंस ते मात्र वेगळं होतं. "वाद हाय त्यांच्यात. जमिनीचा असंल. मालकाचा सख्खा चुलत भाऊ हाय, पर नाय म्हंतो. खिशावर नाव लावतो आन् तोंडाने नाय म्हंतो!" दादा जेवत होते. म्हणाले, "तिकडं पन भावकी हाय म्हंजे." आणि तुम्ही दोघं किती हसलात. आपल्या गावात एका आडनावाची सगळी घरं एका बांधावरून भांडत आलेली. आडनाव एक म्हणजे मूळ पुरुष एक, कुलदैवत एक, आणि कोर्टाची तारीखही एक. त्या परक्या माणसाची तुला मनापासून दया आली होती. दुसऱ्या दिवसापासून तू त्याला तुपाची जास्तीची धार वाढायला लागलीस.

मला मात्र ती बोटांवर मोजलेली माणसं सोडेनात. मी सीबीएस स्टँडच्या बसने नाशिक गावातल्या मोठ्या वाचनालयात गेले. तिथल्या बाई आधी माझ्या शाळेच्या गणवेशाकडे बघतात, मग इंग्रजी ज्ञानकोशाचा तो जाड खंड टेबलावर ठेवतात. "बाहेर नाही मिळायचा. इथेच बस आणि पानं थुंकी लावून उलटू नकोस." एका आडनावाखाली खरंच ती माणसं होती, एकाखाली एक, बसच्या रांगेत उभी असल्यासारखी. शब्दकोश शेजारी घेऊन मी दुपारभर ते अर्धं पान उतरवलं. चित्रकार पाठीवर झोपून चित्रं काढायचा आणि रंगाचे थेंब डोळ्यांत पडून त्याची नजर अधू झाली. व्हायोलिनवाला लाकूड निवडण्यासाठी झाडाला कान लावायचा. तो आकाश बघणारा माणूस ज्या धूमकेतूची वाट मोजत होता तो परत यायच्या आधीच वारला, पण धूमकेतू त्याने सांगितला तसाच आला. हे वाचताना मला वाटलं होतं, की मी सातपूरच्या दोन खोल्यांत राहते हे या पुस्तकाला कसं कळलं नाही, त्याने मला आत कसं घेतलं.

संध्याकाळी तू भाकरी थापतेस आणि मी उंबऱ्यात बसून वाचते. तुझे हात थांबतात. तव्यावरची भाकरी करपते आणि तुला कळत नाही. "डोळ्यांत रंग पडत व्हता तरी काढीत राह्यला?" असं तू पुन्हा विचारतेस. मग म्हणतेस, "लय मोठं घर गं. एका घरात येवढी मानसं!" मी सांगते, एका घरातली नाहीत, आई. दोन-दोनशे वर्षांचं अंतर आहे, गावं वेगळी आहेत, कुणाचा कुणाशी संबंध नाही. तू परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलंस. मला वाटलं तुझा हिरमोड झाला. पण तू म्हणालीस, "मंग तर आनखीच झालं. भाऊ नाय, वाटनी नाय, आन् तरी नाव सांबाळलं सगळ्यांनी."

मग मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, त्या बाईच्या. कुठल्या गावात जन्मली, कुठल्या कुठल्या शहरांत गायली, ऐकायला राजे यायचे. एवढंच. तू करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतलीस, चांगली मला दिलीस, आणि विचारलंस, "ती त्या घरची लेक की सून?"

"लिहिलेलं नाही."

"आसं कसं? नाव कोनाचं लावलंय तिनं? बापाचं का नवऱ्याचं? आदी गात व्हती का लगीन झाल्यावर?"

मला तेव्हा प्रश्न कळला नव्हता. तू उठलीस आणि फळीवरून तो पितळी डबा काढलास, तुझ्या मामाने तुझ्या लग्नात दिलेला. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव त्यावर होतं. ते मी रोज बघत आले होते आणि मला वाटायचं, ते डबा देणाऱ्या कुणा बाईचं असेल. तू म्हणालीस, "ही मी." मामाने लग्नाआधीच नाव घालून आणलं होतं. मांडवात दादांनी अंगठीने तांदळात तुझं नवं नाव लिहिलं आणि सगळे मामाला हसले, की चुकीच्या बाईचा डबा आणलास. तुझं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका सकाळीत गेली. राहिली ती त्या डब्यावर. मग मला उमगलं, की बाकीची पितळेची भांडी तू चिंच लावून खसाखसा घासायचीस, पण हा डबा एका बाजूने नुसता ओल्या फडक्याने का पुसायचीस. ती बाजू म्हणून नेहमी काळपट असायची. चौथी शिकलेल्या, तिन्ही नावं गेलेल्या बाईने दोन ओळींत काय राहिलंय ते बरोबर बघितलं होतं. मी दुपारभर तेच पान उतरवून मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून मला पुस्तकांचं जेवढं नवल वाटतं तेवढंच तुझं वाटत आलंय.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. दहाव्याला गंगेवर, गोदावरीतल्या रामकुंडाच्या पायरीवर, गुरुजींनी नाव विचारलं. दादांनी त्यांनी दिलेलं नाव सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार? तुला ते मनापासून त्याच नावाने हाक मारत आले होते. मी मात्र पाण्याकडे बघत मनात डब्यावरचं नाव म्हणत राहिले. दोन्ही नावांनी पाणी मिळालं तुला, एवढं त्या दिवशी मी केलं.

त्या बाईला मी सोडलं नाही. कॉलेजात असताना द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसून शोधलं. नंतर शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हाही शोधलं. त्या आडनावाची माणसं वाढतच गेली. सायकलच्या शर्यती जिंकणारा, पूल बांधणारा, एक गणितवाली बाईसुद्धा सापडली, आणि तिच्या नावाखाली तिचा बाप कोण ते स्वच्छ लिहिलं होतं. गाणारीच्या मात्र त्याच दोन ओळी. कुठे वाचलं, की तिकडच्या बायका लग्नानंतरही कागदावर माहेरचं नाव ठेवतात. दुसरीकडे वाचलं, की रंगमंचावरच्या बायका त्या काळी वाटेल ते नाव घ्यायच्या, नवऱ्याचं, गुरूचं, कुणाचंही. म्हणजे पुन्हा आपण उंबऱ्यातच. पण त्या सगळ्यांकडे बघत मी एक धरून ठेवलंय. त्यांतल्या कुणाला आडनावाने मोठं केलं नाही. पाव भाजणाऱ्याच्या मुलाला बोटांवर मोजता यावीत म्हणून ते कुणी जगले नाहीत. आपलं काम केलं आणि खाली नाव राहू दिलं. आपल्या आडनावाचं कुणी अजून कुठल्या पुस्तकात नाही. तुझ्या माहेरच्या आडनावाचंही नाही. कुणीतरी ते न टाकता चालत राहायला हवं, एवढंच मला वाटतं. माझ्या वर्गात मुलींना मी पूर्ण नावाने हाक मारते, ते त्यासाठीच.

काल दादांना घेऊन मी भांडी बाजारात गेले. जाण्याआधी होणाऱ्या सासूबाईंना फोन करून सांगितलं, की मी माझं आहे तेच नाव घालून घेणार आहे, तुमच्या मुलाला विचारलंय, त्याची ना नाही. पलीकडे टीव्ही चालू होता. त्या म्हणाल्या, "बघू." मग म्हणाल्या, "आणि लोकांनी रुखवतात वाचलं म्हणजे?" मी म्हटलं, "वाचू देत." त्या पुन्हा म्हणाल्या, "बघू." दादा दुकानाच्या पायरीवर बसून होते. नाव घालणाऱ्याने परात मांडीवर घेतली, मशीन हातात धरलं आणि विचारलं, "ताई, सौ. लावू की कु.?"

मला हसू आलं, आई. तुझाच प्रश्न होता तो. मी म्हटलं, काहीच नको, नुसतं नाव. तो म्हणाला, असं कुणी घालत नाही. दादा पायरीवरून म्हणाले, "ती म्हंते तसं घाला."

मग मी पिशवीतून तुझा डबा काढला. ठिपके झिजलेत, बोटाने वाचावे लागतात. त्याने डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर वाचलं. दादा मान वर करून ऐकत होते. इतक्या वर्षांत ते नाव कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. "कै. लावायचं का पुढे?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने जुन्याच ठिपक्यांवरून मशीन फिरवलं, खोलवर. रुखवतात तो डबा माझ्या परातीशेजारी मांडणार आहे.

गाणारीचं मला अजून कळलेलं नाही. पुरावा नसताना काही धरून चालू नये असं मी मुलांना शिकवते. तरी ती लेकच होती असं धरून मी काल नाव घालून आले.