चोवीस नावांची परीक्षा

ती. सुलेखाताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग दंडवत (गुडघे परवानगी देतील तितकाच). भाऊजींचा खोकला थांबला असेल आणि त्यावरून तुझं त्यांना बोलणं थांबलं नसेल, असं गृहीत धरतो.

प्रथम एक गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं. फडकं, गरम पाणी, प्रार्थना आणि अपशब्द असे सर्व उपाय केले. शेवटी शेजारच्या रिझवानने एका हिसक्यात ते उघडलं, "सर, संस्कृत छोडो, जिम चलो" असा उपदेश केला आणि अर्धं लोणचं घेऊन गेला. या हानीची जबाबदारी तुझी.

आता मुख्य वृत्तांत. गेल्या आठवड्यात सोयगावला आपल्या नानांना माझा फोन गेला. मी तो केलेला नव्हता. मी त्या वेळी कॉलेजात झोपाळू मुलांना समास शिकवत होतो. पण नानांच्या फोनवर नंबर माझा, नाव माझं. (हल्ली ठगांना कुणाच्याही नंबराचं सोंग घेता येतं म्हणे. मला माझ्या खऱ्या नंबरावरूनसुद्धा धड फोन लागत नाही.) पलीकडून रडका आवाज, "बाबा, पोलिसांनी धरलंय, पैसे पाठवा!"

नाना म्हणाले, "पोलिसांचं नंतर बघू. आधी संध्येतली चोवीस नावं म्हण."

ठग पहिल्या केशवापर्यंतही पोचला नाही. "मुंज तरी झालीय का रे तुझी?" असं नानांनी विचारल्यावर त्यानेच फोन ठेवला. स्वयंपाकाच्या भागूबाई लाटणं हातात धरून ऐकत होत्या. त्या आता गावभर सांगतात, "नानांनी चोराला लई झापलं!"

माझी छाती फुगली. विभागात सगळ्यांना सांगितलं, चहा पाजला आणि संध्याकाळी अभिनंदन करायला नानांना फोन केला. ते म्हणाले, "नंबर तर अतुलचाच दिसतोय. म्हण नावं." ताई, ज्याने या विषयावर (रिकाम्या सभागृहात का होईना) व्याख्यानं दिली, तो तुझा भाऊ ऐटीत पुरुषोत्तमापर्यंत गेला आणि तिथे त्याचा त्रिफळा उडाला. "चोरा, माझ्या अतुलला ही झोपेतही पाठ आहेत," असं म्हणून नानांनी फोन ठेवला. तेव्हापासून रोज हेच. ठग एकदाच नापास झाला, मी रोज होतो.

अखेर रिझवानने स्वतःच्या फोनवरून लावला. त्याची मात्र कसलीच परीक्षा नाही! कापसाचा भाव, गुडघा, भागूबाईंची भाजी, सगळं यथासांग बोलून झालं. शेवटी नाना म्हणाले, "रिझवानमियाँ, आमच्या अतुलच्या नावाने कुणी तरी रोज फोन करतंय. त्याला जरा जपून राहायला सांगा." मी शेजारीच बसून (उरलेलं) लोणचं चाटत होतो.

मुलांना आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार.

तुझा, सोयगावी बनावट ठरलेला,
अतुल

ता. क. वर त्रिफळा उडाल्याचं लिहिलं, ते खोटं आहे. पुरुषोत्तमानंतर मी अधोक्षज म्हटलं, आणि ते बरोबर होतं. नानांच्या मते तिथे नारसिंह येतो. रविवारी सोयगावला गेलो. मला बघून त्यांना आनंद झाला, आग्रह करकरून वाढलं. सकाळी त्यांची संध्या ऐकत ओट्यावर बसलो. अधोक्षज आलाच नाही.

आणखी एक. परत आल्यावर फोनवर त्यांच्यासारखीच, अधोक्षज गाळून नावं म्हटली. या वेळी अच्युतापाशी अडवलं. असं नावच नाही, म्हणाले.

तुझी परीक्षा ते घेत नाहीत (मुलीचा आवाज खोटा नसतो, हा त्यांचा सिद्धांत). उद्या तुझ्या नंबरावरून कुणी गोड बोललं, तर मागेल ते देऊन बसतील. तेव्हा सुट्टीची वाट न पाहता ये, आपण दोघं मिळून त्यांना डॉक्टरकडे नेऊ. मी एकट्याने नेलं तर येणार नाहीत. ठगांची काळजी आहेच. पण एखाद्या रविवारी मी दारात उभा राहीन आणि नाना मला नावं म्हणायला सांगतील, याची मला फार भीती वाटते.