कार्ड घ्यावं की थांबावं

३ फेब्रुवारी
आज पुन्हा! स्क्रीनच्या उजव्या कडेला काहीतरी लकाकलं आणि बारीक काळे ठिपके सरकत गेले. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड मरायला टेकलंय, दुसरं काय! सहा वर्षं त्याच्याच जिवावर बांधायच्या इमारतींच्या फिल्म करतेय. आर्किटेक्टबाईंना दवाखान्याची फिल्म पंचवीस तारखेला हवी. कार्ड मध्येच गेलं तर काम गेलं — आणि एकुलतं एक गिऱ्हाईकही.

४ फेब्रुवारी
दुकानदार म्हणाला, "ताई, दुप्पट कसले, तिपटीवर गेलेत भाव. माल येतो आणि मोठ्या कंपन्या उचलून नेतात. उद्या विचाराल तर हाही भाव नसेल." अडला हरी, गाढवाचे पाय धरी! विचार करून सांगते म्हटलं आणि पळूनच आले.

७ फेब्रुवारी
दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर — "यात तर काहीच नाही. उगाच घाबरतेस. दोन महिने थांब, उतरतील भाव." त्याला काय जातंय सांगायला! ठिपके काय स्क्रीनशॉटसाठी थांबणार आहेत?

९ फेब्रुवारी
आज ह्यांना हाका मारून आणलं. हात पुसत आले, टक लावून बघितलं. "कुठे गं? मला तर काही दिसत नाही." ह्यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही, ठिपके काय दिसणार!

१२ फेब्रुवारी
कार्डाची धूळ काढली. कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून टेबलफॅन आतच रोखला. तरी आज ठिपके वाढले! खुर्चीत बसायचीच भीती वाटते. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

१३ फेब्रुवारी
नाही घेत. दादाचं ऐकते.

१५ फेब्रुवारी
घेतलं. ठेव मोडली. हे एवढंच म्हणाले, "तुझ्या जिवाला स्वस्थता मिळणार असेल तर घे." कुठली स्वस्थता! खोका उराशी धरून बसमध्ये रडले, वेड्यासारखी.

१६ फेब्रुवारी
नवं कार्ड बसवलं. ठिपके तसेच. केबल बदलली. तसेच. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ठिपके आहेत. डावा डोळा झाकला तरी आहेत. उजवा झाकला की नाहीत.