हरायचं नक्की होतं, ताई

मिल रॅपिड्स,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप ओरेस्याताईस,

धाकट्या मायरनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शोभेला घातलेला नाही. रविवारपासून मी खरोखरच आडवा आहे. छताकडे तोंड करून, जेवणाचं ताट उलटं धरून त्यावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून ओळी अशा वर चढत गेल्यात.) तुझे गुडघे कसे आहेत? पेरणी उरकली का? बटाट्याचं सारण भरून लग्नाच्या पेरोगी वळायला चर्चच्या हॉलमध्ये बायका जमायला लागल्या असतील. मिसेस हावरिश्कोंच्या हातात मिठाची बरणी देऊ नकोस, एवढं माझं ऐक. बाकी पत्रास कारण तुला ठाऊक आहेच. रविवारी तू फोन केलास, 'अभिनंदन' म्हणालीस आणि ठेवून दिलास. ताई, मी चेंडूने खिडकी फोडली की आई 'वा, छान' म्हणायची ना, अगदी तोच आवाज! फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, पण हाती आलेला कागद तू शेवटपर्यंत वाचतेस (विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा), म्हणून हा खटाटोप. (आजच्या बसने पाठवतोय, गुरुवारपर्यंत पोचेल.)

आता चूक कुणाची, तर माझीच. तुझ्या तालियाचं लग्न कधी धरू, असं तू नाताळात विचारलंस तेव्हा मीच छातीठोकपणे म्हणालो होतो, ईस्टरनंतरचा हवा तो शनिवार धर, आमचा हॉकीचा संघ तोवर हरून मोकळा झालेला असेल. नवऱ्याकडची माणसं जून म्हणत होती. जूनमधले उपास लागले की फादर बोदान लग्न लावत नाहीत, मग कापणी येते, हे सगळं तूच त्यांना समजावलंस आणि माझ्या शब्दावर तारीख पक्की केलीस. माझा शब्द म्हणजे काय बढाई नव्हती गं, अनुभव होता! एवढ्या वर्षांत इतके संघ झाले की जर्सीचा रंग सकाळी कपाट उघडून बघावा लागतो, पण बाद फेरीत पहिल्या टप्प्यापुढे माझा एकही संघ गेलेला नाही. यंदा तर आम्ही शेवटच्या क्रमांकावरून कसेबसे आत घुसलेलो. हरणं मी गृहीत धरलं ते चुकलं का? आमच्या प्रशिक्षकाने, रेजाँने, स्वतः मासेमारीला जायला होडी ठरवून ठेवली होती.

माझं काम तुला माहीत आहे. गोल करणारे वेगळे, त्यांचे फोटो लागतात. मी बचावातला. समोरून कुणी सुसाट आला की त्याच्या आणि आपल्या गोलच्या मधे बर्फावर उभं राहायचं आणि हॉकीची चकती अंगावर घ्यायची. एकदा एका संघाने मला दुसऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा माझ्या बदल्यात काय मिळालं? 'पुढे बघू.' थट्टा नाही, आमच्यात कागदावर असंच लिहितात. पुढे काय बघितलं ते आजवर कुणी मला सांगितलेलं नाही. (मोठ्या लीगमध्ये मी एक सामना खेळलो हे विसरू नकोस. वॉल्टर भावजी हिमवादळातून रात्रभर गाडी हाकत आले होते, आणि मी बर्फावर उतरल्या उतरल्या नियम मोडून शिक्षेच्या खोक्यात जाऊन बसलो. तरी भावजी गावभर सांगत सुटले, "खोका काय सुंदर होता! गादी होती!")

या नोकरीत मी बसमध्ये राहतो, मधून मधून खेळायला उतरतो. तालियाच्या बाप्तिस्म्याला मी बसमध्ये. तिच्या शाळेच्या समारंभाला बसमध्ये. भावजी गेले तेव्हा एका बसमधून उतरून दुसरीत चढलो, आणि पोचलो तेव्हा माणसं दफन उरकून हॉलमध्ये कॉफी पीत होती. मला फार वाईट वाटलं, ताई, अजून वाटतं. त्याच दिवशी ती पोरगी मला कपबशांच्या टेबलाशी म्हणाली, "मामा, बाबा नाहीत. माझ्या लग्नात चर्चमध्ये वेदीपर्यंत हात तू धरायचास. तू नसलास तर मी एकटी चालेन, दुसऱ्या कुणाचा हात नको." मी हो म्हणालो. आयुष्यात मी प्रशिक्षकांना पुष्कळ हो म्हटलंय, पण हे हो वेगळं होतं.

तर पहिला टप्पा. आम्ही जिंकलो. मी म्हटलं, होतं असं कधीतरी. दुसऱ्यात आमच्या यार्कोला, म्हणजे आमच्या फिनलंडच्या गोलरक्षकाला, काय झालं देव जाणे; बर्फावर माशी आली असती तर तीही त्याने अडवली असती. पुन्हा जिंकलो. मी मनातल्या मनात लग्नाचा शनिवार मोजायचो आणि वर ओरडायचो, "चला पोरांनो, जोर लावा!" तुला सांगतो, असा दुतोंडी मी कधीच नव्हतो. बरं, मुद्दाम वाईट खेळावं, तर वाईट म्हणजे माझ्या नेहमीच्या खेळापेक्षा किती वाईट, हे रेजाँला कळलंही नसतं. पण ते हातून होत नाही गं. चकती येताना दिसली की अंग आपोआप आडवं पडतं.

आणि मग तो रविवार. जादा वेळ चालू, जो आधी गोल करेल तो अंतिम फेरीत, आणि माझे पाय लाकडाचे झालेले. दमलेल्या बचाववाल्याने काय करायचं हे आमच्यात ठरलेलं आहे: मधली रेघ ओलांडायची, चकती समोरच्या कोपऱ्यात भिरकावून द्यायची आणि दुसऱ्याला उतरू देऊन पाठ फिरवून बाक गाठायचा. मी तेच केलं. बसलो, पाण्याची बाटली तोंडाला लावली. तिकडे ती चकती म्हणे कुणाच्या बुटाला लागली, मग कडेच्या फळीवर आपटली, मग त्यांच्या गोलरक्षकाच्या पाठीवर, आणि आत! आख्ख्या कारकिर्दीतला माझा सर्वांत मोठा गोल, आणि तो रिंकमधल्या समस्त जनतेने पाहिला, पॉपकॉर्नवाल्याने पाहिला, मी सोडून. एकदम सगळे माझ्या अंगावर धावून आले. मला वाटलं मारामारी जुंपली, म्हणून पहिला हाताशी आला त्याला मी ठोसा ठेवून दिला. (तो आमचा कप्तान. त्याने उलट माझा मुका घेतला.) मग एकावर एक असे सगळे माझ्यावर पडले, सर्वांत वर यार्को, चिलखतासकट. शत्रूंना इतक्या वर्षांत जमलं नाही ते मित्रांनी केलं: माझी फासळी गेली. आणि त्या ढिगाऱ्याखाली, श्वास कोंडलेला असताना, माझ्या डोक्यात काय आलं असेल? शनिवार. अंतिम फेरीचा पहिला सामना शनिवारी.

तुझ्यामागोमाग तालियाचा फोन आला. आधी नुसती किंचाळली. माझे सगळे सामने ती संगणकावर ऐकते, माझ्या शिक्षेची मिनिटं तिला माझ्यापेक्षा पाठ आहेत. मग म्हणाली, "मामा, अंतिम फेरी! शनिवारी तू खेळ हं. लग्न काय, लागेलच." मी म्हटलं, "आणि हात?" तर म्हणे, "जाईन की एकटी, दहा पावलं तर आहेत." हसत म्हणाली, पण फोन ठेवायच्या आधी नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

म्हणून आता नीट वाच. मी येतोय! फासळी गेली म्हणजे खेळणं गेलं. रेजाँने रडवेला चेहरा करून मला सोडलं, शुक्रवारी संध्याकाळी बसने उतरेन, न्यायला कुणाला तरी पाठव. देव जे करतो ते यार्कोच्या वजनाने करतो म्हणायचं. फादर बोदानना नमस्कार, मिसेस हावरिश्कोंना (मिठापासून लांब ठेवून) आठवण, आणि नवऱ्यामुलाला तूर्त काहीच कळवू नकोस; त्याला मी आधी भेटून बघतो.

तुझा आडवा भाऊ,
मायरन

ता. क. दाढी करून ये, असं तू बजावलं होतंस. ते जमायचं नाही. संघ बाद होईपर्यंत आमच्यात कुणी वस्तऱ्याला हात लावत नाही. मी गावाला जाऊन लावला आणि शनिवारी ते हरले, तर यार्को तिकडे येऊन मला उरलेल्या फासळ्यांची आठवण करून देईल. फोटोत मला लग्नाच्या मोठ्या पावाच्या मागे उभं कर.

ता. क. दुसरा. हॉलच्या स्वयंपाकघरात एक रेडिओ ठेवशील का? नाच चालू असताना मी पेरोगी मोजायला म्हणून आत जाईन.

ता. क. तिसरा. हा वाचून झाला की कागद चुलीत टाक. फासळी तुटलेली नाही, नुसता मुका मार लागलाय. डॉक्टर म्हणाले, घट्ट पट्टी बांध आणि शनिवारी खेळ. याहून वाईट अवस्थेत मी किती सामने काढलेत हे रेजाँला ठाऊक आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "दुखतंय, मला नाही जमणार." जन्मात पहिल्यांदा. त्याने यादीतून माझं नाव खोडलं. मग म्हणाला, "भाचीचं लग्न ना शनिवारी? दुखत असेल तर दुखतच असणार, म्हाताऱ्या. जा." मला पुन्हा कधी अंतिम फेरी दिसायची नाही, ताई, तेवढं गणित मलाही येतं. पण तालियाला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. कळलं तर ती पांढऱ्या झग्यातच मला धरून बसमध्ये बसवून देईल. तिला वाटू दे, मामा मोडला म्हणून आला.