जांभळी गाडी करडी केल्याबद्दल

चि. धाकटीस दादाचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझी पाठ कशी आहे? (दिवसभर शर्यतीच्या गाड्यांखाली आडवं पडणाऱ्या माणसाची पाठ ठीक असूच शकत नाही, तेव्हा खोटं लिहू नकोस.)

आपल्या गाडीविषयी लिहायचंय. आधी बसून घे. तू त्या शर्यतीच्या संघात नोकरीला गेलीस आणि आठवड्याच्या आत मी तू डिकीवर बसवलेला तो आडवा पंख काढला. दोन वर्षं भांडलो आपण त्यावरून. मी म्हणायचो, पळणाऱ्या गाडीनं गप्प असावं. तू म्हणायचीस, मग चपला घाल आणि चालत जा. (याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.) तर पंख काढला, दारांवरच्या ज्वाळांचे स्टिकर तापवून सोलले आणि तुझ्या जांभळ्यावर करड्याचे तीन हात मारले. मी खूश.

मग आईला डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायला गेलो. ती बाहेर आली, माझ्या समोरून पार फाटकापर्यंत गेली आणि उन्हात उभी राहिली. हॉर्न वाजवला तर रागानं तोंड फिरवलं. शेवटी उतरून हात धरला.

"आपली गाडी कुठंय?"

"ही काय."

"ही कुणा साहेबाची आहे. आपली लांबून दिसायची."

दवाखान्यातून आणलेली पिशवी डिकीत टाकली आणि ती मागच्या सीटवर बसली, परक्याच्या गाडीत बसतात तशी अंग चोरून.

दुसऱ्या दिवशी पंख परत बसवला. दुसरं टोक धरायला आपल्या गॅरेजातले कामगार होते, पण तू गेल्यापासून तिथं माझं सगळे ऐकतात. वर घेऊ? हो. खाली घेऊ? हो. "दादा, डोळे फुटले का?" असं विचारणारं कुणी उरलेलं नाही. परिणामी पंख दोन बोटं तिरका आणि इतका पुढे बसला, की डिकी उघडायला जावं तर तो मागच्या काचेवर आदळतो. आणि आईचा नवा चष्मा आत, त्या पिशवीत! मागची सीट काढून डोकं आत घातलं. टॉर्च लावला तर आत सगळं जांभळं. तिथंही तू हट्टानं रंग मारला होतास आणि कोण बघणार म्हणून मी ओरडलो होतो. बराच वेळ तसाच पडून राहिलो. (चष्मा सापडत नव्हता म्हणून.)

काळजी घे. वेळेवर जेव.

तुझा,
दादा

ता. क. : पंखाचं मी बघतो. त्यासाठी रजा काढून यायचं कारण नाही.

ता. क. दुसरा : पुढच्या महिन्यात तुमची शर्यत इथून चार तासांवर आहे, असं पेपरात वाचलं. एक पास मिळेल का? आईला तो आवाज सोसणार नाही.

ता. क. तिसरा : दोन पाठव. तिनं साडी काढून ठेवली आहे. शर्यत आम्हाला कळत नाही. जागा अशी दे, की तू गाडीखालून बाहेर आलीस की दिसशील.