उलट्या टाक्याचं ठिगळ

लास मुर्तास,
२६ मार्च

नोल्फा बाळे,

तुझं पत्र शुक्रवारच्या लाँचने मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालते. गुडघ्यांना शेक देतेस का? देत नसशील. तुला कुणी काही सांगून उपयोग नसतो, लहानपणापासूनचंच आहे ते.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देऊन टाकते. मागची खोली या हिवाळ्यात मोकळी नाही. तिथे बटाट्यांची पोती रचली आहेत. शेडचं छप्पर गळतं, पोती तिथे ठेवली तर सगळा माल कुजेल. तू लिहिलंयस, "ताई, हिवाळ्यापुरती येऊ का? नाहीतर कायमचीच येते. इथे या ओल्या खोलीत भिंतींशी बोलून बोलून मी वेडी होईन." वाचलं मी. पुन्हा वाचलं. पण बटाटे कुठे टाकू, तूच सांग.

बाकी मार्च आला तसा उन्हाळा संपला, इकडे पानगळीला सुरुवात झाली. सकाळी खाडीवर धुकं असतं, समोरचा डोंगर दिसत नाही, आणि दुपारी असं ऊन पडतं की अंगातली लोकर काढून फेकावीशी वाटते. सफरचंदांचा नुसता सडा पडलाय. आमचा म्हातारा रोज टोपल्या भरभरून सफरचंदं ठेचतो, त्या रसाची चिचा आंबवत घालतो, आणि चाखून बघायच्या नावाखाली निम्मी पितो. मुर्ताची फळं यंदा उशिरा पिकली, पण गोड आहेत. मी जॅम केलाय. जरा करपला. तू असताना केला होतास तो नव्हता करपला, हे म्हाताऱ्याने मला न विचारता सांगितलं.

डेलियांचं विचारलंस. तू कुंपणाशी लावून गेलीस ती लाल डेलिया ताटाएवढी फुललीय. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो. मी दाराशी लावलेल्या पिवळ्या बऱ्या होत्या, म्हणजे होत्या असंच म्हणायचं, कारण त्या आता नाहीत. गेल्या आठवड्यात रानडुक्कर बागेत शिरलं. बटाट्यांची शेवटची ओळ उकरली, कोबी तुडवले, आणि माझ्या पिवळ्या डेलिया कंदांसकट खाल्ल्या. तुझ्या लाल डेलियाला नाकसुद्धा लावलं नाही. डुकरालाही कळतं म्हणायचं!

म्हाताऱ्याला निमित्तच हवं होतं. बंदूक पुसली, कुत्र्याला शीळ घातली आणि निघाला वरच्या रानात. मी म्हटलं, "अरे, आकाश तरी बघ, धुकं उतरतंय." तर म्हणतो, "डुक्कर काय आकाश बघून जेवायला आलं होतं?" आणि संध्याकाळी आला नाही. नोल्फा, मी ती रात्र कशी काढली ते विचारू नकोस. सकाळी कुत्रं आधी आलं, लंगडत. मागून हा. चिखलाने माखलेला, डोळे लाल, आणि चेहरा असा की जणू जत्रेहून येतोय.

"डुक्कर वर ओढ्यात पडलंय," म्हणाला, "बैल जुंपून ओढून आणावं लागेल. सोपायपिया तळ गं दोन-चार."

"जिवंत आहेस होय? मी काळी शाल शोधत होते."

"वाट चुकलो. धुक्यात माझा मलाच हात दिसेना. पण हे जाकीट घातलं की माणूस हरवत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"नोल्फा म्हणाली," असं म्हणून त्याने काखेखालून हात फिरवला आणि बूट काढायला बसला.

मी कणीक मळून सोपायपिया तळल्या. एक जळली, ती त्याच्याच ताटात वाढली.

आता चर्चमधल्या वेदीवरच्या कापडाचं सांगते, कारण तेही तुला विचारायचंच असणार. पुढच्या आठवड्यात पवित्र गुरुवार, त्याच्या आत भरतकाम संपवायचं म्हणून दुपारभर खिडकीत बसून असते. अर्धं तू उन्हाळ्यात करून गेलीस, उरलेलं मी करतेय. परवा शेजारची दोन्या उबेर्लिंदा आली. आम्ही तिला डुकराच्या मांसाचं ताट पाठवलं होतं, ते रिकामं करून परत द्यायला. आली ती थेट कापडाकडे. दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं.

"अगं बाई, हा भाग कसा चमकतोय बघ! रेशीम आहे का?"

"सुती आहे," मी म्हटलं.

"आणि हा? हा धुवायचा राहिलाय वाटतं."

हा म्हणजे माझा. ती गेल्यावर नीट बघितलं तेव्हा कळलं. तू डावरी. तुझ्या फुलीचा वरचा टाका उलट्या बाजूला झुकतो, माझा सुलट्या. त्यावरून आई तुझ्या हातावर चिमटे काढायची, आठवतं? दोरा तोच, कापड तेच, पण खिडकीचा उजेड तुझ्या टाक्यांवर पडतो आणि माझ्यांवरून घसरून जातो. मी कापड आडवं फिरवलं, तर माझा भाग चमकला आणि तुझा काळवंडला. मला इतकं बरं वाटलं की हसूच आलं. पण वेदीवर कापड आडवं थोडंच घालतात! तेव्हा गुरुवारी सगळं गाव तुझंच कौतुक करणार, आणि मी पुढच्या बाकावर बसून ऐकणार.

तर तो उलटा टाका डोळ्यांत बसला होता. कापड घडी करून उठले, आणि चुलीमागे वाळत घातलेलं ते जाकीट समोर दिसलं. काखेखालचं ठिगळ. सगळे टाके उलट्या बाजूला झुकलेले.

ते जाकीट मी गेल्या हिवाळ्यापासून शिवते शिवते म्हणत होते. खरं आहे. राहून गेलं. पण त्याने मला पुन्हा विचारलं नाही. तुला दिलं. कधी दिलं, मी कुठे होते तेव्हा, कोंबड्यांकडे की उबेर्लिंदाकडे, हे मी इतक्या वेळा आठवून पाहिलंय की डोकं दुखायला लागलं.

आणि तुला आईची रीत माहीत आहे. बाबा रानात जायचे त्या कपड्याला टाका घालताना ती दोऱ्यासोबत स्वतःचा एक केस ओवायची. ज्या बाईचा केस, तिच्याकडे माणूस परत येतो, असं म्हणायची. आपण दोघी किती हसायचो तिला! मी लग्नानंतर सुरुवातीला केलं तसं, मग सोडून दिलं. रोज परत येणाऱ्या माणसासाठी कोण केस उपटत बसतं?

म्हातारा अंगणात डुकराचं कातडं ताणून खरवडत होता, शीळ घालत. मी कात्री घेऊन खाली बसले. मला काय सापडणार ते पक्कं ठाऊक होतं. तुझा तो तपकिरी रंगवलेला लांब केस. तो एकदा हातात आला की तुला काय काय लिहायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पहिल्या ओळीपासून. त्यात बटाट्यांचं नाव नव्हतं. नोल्फा, बटाटे शेडमध्येच आहेत. शेडचं छप्पर त्याने जानेवारीच्या उन्हात नीट केलं, आणि शिडी धरायला तूच उभी होतीस. खोटं तरी धड बोलता येतं का मला? खोली रिकामी आहे. झाडून, पुसून, खाटेवर चादर घालून ठेवलीय, आणि रोज दार उघडून आत बघते नि बंद करते.

टाके कापले. केस होता.

पांढरा. आखूड, कुंपणाच्या तारेसारखा वळलेला. माझा.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? वाटलंही. जमिनीवर बसल्या बसल्या मोठ्याने म्हटलं, "बघ, उगीच त्या पोरीवर संशय घेतलास." डोळे पुसले. उठून चुलीत लाकूड घातलं. आणि तिथेच उभी राहिले, कारण मग मला दुसरं सुचलं.

ज्या बाईच्या मनात काही नसतं ती ठिगळ लावते आणि मोकळी होते. केस कुणाचा घालायचा याचा विचार करत बसत नाही. तू केलास. तुझे केस तुझ्या खांद्यावर होते, हात वर केला की झालं. तरी तू जागची उठलीस, माझ्या खोलीत गेलीस, माझ्या फणीतून माझा केस काढलास आणि तो आत शिवलास. म्हणजे तुझा घालावासा वाटला होता. वाटला, आणि घातला नाहीस. खरं की नाही? खोटं असेल तर पत्राने कळव. पण तुला खोटं माझ्यापेक्षा वाईट बोलता येतं.

आता एवढं लिहिलंच आहे तर आणखी एक लिहिते. फेब्रुवारीत शेंगा तोडत होतो ना आपण, तू त्या ओळीत, मी या ओळीत, मध्ये वेल. घरात दिवसभर "दाजी, मीठ द्या", "दाजी, माटेचा चहा गार झाला." आणि त्या दिवशी तो बादली घेऊन तुझ्या बाजूने आला, तर तू म्हणालीस, "एवारिस्तो." बस, नाव. पुढे काही नाही. तो म्हणाला, "काय?" त्याने बादली ठेवली आणि गेला. मी इकडे टोपली धरून उभी. मी त्याला म्हातारा म्हणते, अरे म्हणते, चिडले की गाढव म्हणते. त्याला नावाने कधी हाक मारली होती ते मला आठवेना. त्या दिवसापासून एकटी असताना म्हणून बघते. जमत नाही. तोंडात कुणा परक्याचं नाव आल्यासारखं होतं.

तो पहिल्यांदा आपल्या घरी ससा घेऊन आला होता तो कुणासाठी, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. बाबा म्हणाले, थोरलीचं आधी. तू पंधराची होतीस, ओट्यावर बसून सशाचे कान कुरवाळत होतीस. हे आपण कधी बोललो नाही. मला आत्ताही बोलायचं नव्हतं.

मी तुला बोल लावत नाही. लावता आला असता तर फार बरं झालं असतं, मनासारखं भांडून घेतलं असतं. तू इथे येशील, मागच्या खोलीत राहशील, मरेपर्यंत त्याला दाजी म्हणशील आणि वाकडं पाऊल टाकणार नाहीस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि मी? मी रोज कान देऊन बसेन. तू मीठ कसं मागितलंस, त्याने कसं दिलं. जॅम चांगला झाला तरी जळेन, डेलिया फुलली तरी जळेन. आत्ताच जळतेय, तू एवढ्या लांब असताना. मला नाही झेपणार गं. म्हणून येऊ नकोस.

जाकीट मी पुन्हा शिवलंय. टाके वाकडे आलेत. यावेळी आत कुणाचाच केस घातला नाही. यायचं तर स्वतःच्या पायांनी येईल.

पण तुझे गुडघे, ती ओली खोली, आणि भिंतींशी बोलणं, हे डोक्यातून जात नाही. घास घेताना आठवतं. तू माझी एकुलती एक बहीण आहेस, तुला असं टाकून मी इथे चिचा पीत बसू? काल जेवताना म्हाताऱ्याला सांगितलं, "ईस्टर झाला की मी प्वेर्तो मोन्तला जातेय. नोल्फाकडे."

"किती दिवस?"

"तिचे गुडघे बरे होईपर्यंत."

"या वयात गुडघे बरे होतात होय?" म्हणाला. मग थोडा वेळ पाव कुस्करत बसला. "त्यापेक्षा तिलाच इकडे आण की. खोली रिकामीच आहे."

मी म्हटलं, "नको."

त्याने 'का' म्हणून विचारलं नाही. मान खाली घालून जेवत राहिला, आणि उठताना माझंही ताट उचलून घेऊन गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा ठरलं. राहू दे त्याला इथे एकटा, डुकराचं मांस आणि सफरचंदं आहेत भरपूर. मी कापड वेदीवर घालीन, तुझ्या अर्ध्या भागाचं कौतुक ऐकून घेईन, आणि ईस्टर झाल्यावरच्या शुक्रवारी लाँचमध्ये बसेन. तुझी खाट अरुंद आहे ते ठाऊक आहे. मी भिंतीकडे झोपेन, तू लाथा मारतेस म्हणून. भांडायचं असेल तर समोरासमोर भांडू, पत्रात मला ते नीट जमत नाही. तुला माझ्याबरोबर राहणं जड जाईल. जाऊ दे. मलाही जाणार आहे.

धक्क्यावर घ्यायला येऊ नकोस, पायऱ्या ओल्या असतात. मी विचारत विचारत पोचेन.

येते मी.

तुझी ताई,
एर्मेलिंदा