ओकडेनकाकांचं ‘घेऊन जा’

१२ एप्रिल, शनिवार

आणलं! शेजारच्या ओकडेनकाकांचं गवत कापायचं मोअर आणलं — ढकलगाडीवर घालून, वर पोतं टाकून, गल्लीतून चोरासारखं. चोरी नव्हे. त्यांनीच दिलं. फाटकसुद्धा स्वतः उघडून धरलं.

लिंबाचा केक द्यायला मागच्या दारी गेले होते. शेड उघडी, आणि अगदी तोंडाशी ते उभं. हातानं ढकलायचं, पाच पात्यांच्या रिळाचं, मागे ओतीव रूळ. डर्बीतल्याच एका लहानशा कारखान्याचं. कारखाना महायुद्धात बंद पडला, त्यामुळे अशी मोअर फारशी उरलीच नाहीत. माझ्या संग्रहात बाकी सगळी आहेत, हे नव्हतं. एनिडकाकू दर शनिवारी यानंच हिरवळ कापायच्या आणि मी कुंपणावरून बघत राहायची — काकूंना कमी, मोअरला जास्त. काकू ऑक्टोबरात गेल्या. आता कुणीतरी पेट्रोलचं यंत्र घेऊन येतो आणि कर्कश उरकून जातो.

माझी नजर कुठे आहे ते काकांनी पाहिलं. (तोंडावर मी सिरिल म्हणते. पण चौऱ्याऐंशीच्या माणसाला वहीत तरी काकाच.) म्हणाले, “घेऊन जा की बदके. मला काय करायचंय त्याचं.”

इकडे लाडानं बदकच म्हणतात. पहिल्या वर्षी मी नवऱ्याला, श्रीपादला, विचारलं होतं, माझी चाल तशी आहे का. तो अजून विचार करतोय.

तर अशा वेळी काय म्हणायचं असतं? छे छे, असं कसं. मग ते पुन्हा म्हणणार, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग चहा. मी म्हटलं, “खरंच?” — आणि पोतं शोधायला लागले.

“बरं तर मग,” काका म्हणाले. मी कोपऱ्यावर पोचून मागे पाहिलं, तर दार लागलेलं.

१३ एप्रिल

झोंबतंय. पुण्याच्या एका मासिकासाठी जी ‘डर्बीशरची पत्रं’ लिहिते, त्यातल्या एकात मीच लिहून बसलेय: इंग्रज माणूस अभिधेत बोलत नाही, त्याचं सगळं व्यंजनेत. शब्दाचा सरळ अर्थ घेणारा इथे नको त्या घरी जेवायला जाऊन बसेल. ‘कधीतरी या ना’ म्हणजे येऊ नका. ‘वाईट नाही’ म्हणजे अप्रतिम. आणि ‘घेऊन जा’ म्हणजे — पंगतीत पानावर हात आडवा धरून ‘नको नको’ म्हणतात ना, तेच, उलटं. वाचकांना फार आवडलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कात्रण चौकटीत बसवल्याचं कळवलं.

आणि काल, मोअर समोर दिसताच, मला बरोब्बर अभिधा आठवली!

श्रीपादला सांगितलं. म्हणाला, “त्यांनी दिलं, तू घेतलंस. मग हे तोंड कसलं?” म्हटलं, त्यांना द्यायचं नव्हतं. “मग परत दे.” मी उठून चहाचं आधण ठेवलं. “मग नको देऊस,” म्हणाला आणि वर्तमानपत्रात शिरला. आयुष्यभर लोकांना चष्मे विकून याला सगळं स्वच्छ दिसायला लागलंय.

१६ एप्रिल

मोअर पूर्ण सोडवलं. एम.ए.ला पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईंचा नियम होता — मागाहून घुसलेलं ओळखा, बाहेर काढा, मूळ संहिता आपोआप दिसू लागेल. मोअरना तंतोतंत लागू पडतो. वरचा हिरवा रंग — दाराला लावून उरलेला — प्रक्षिप्त. खरवडला. एक बोल्ट सायकलचा — प्रक्षिप्त. दांड्याची डावी मूठ मूळची, छान कातीव. उजवी मात्र कुणीतरी चाकूनं तासलेली, जाडजूड, एका अंगाला फुगलेली, वर मेणाचा दोरा. इतकी कुरूप की हसू आलं. प्रक्षिप्त! माझ्या डब्यात त्या काळची मूठ होती, ती चपखल बसली. जुनी शेगडीत टाकली. माझ्या शेडमध्ये गारठा होता.

सोडवण्याआधीचे फोटो काढलेत. जुनी मोअर जमवणाऱ्यांच्या आमच्या क्लबाची शिस्त.

२० एप्रिल, ईस्टर

रंगाखालून सोनेरी अक्षरं निघाली. अर्धी पुसट, पण कारखान्याचं नाव वाचता येतंय. पात्यांना कुरुंदाची पेस्ट फासून रीळ उलटं फिरवत बसले, मग खालचं पातं हळूहळू चढवलं आणि मध्ये कागदाची पट्टी धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्रीसारखी कापली! क्लबात फोटो पाठवला. लगेच निरोप — मॅंडी, तुझा हेवा वाटतो. (मंदाकिनी म्हणजे स्वर्गातली गंगा. डर्बीशरमध्ये उतरता उतरता मॅंडी झाली.)

तासभर मी अगदी सुखात होते. मग कुंपणापलीकडे काका दिसले, नुसते उभे.

शिरा नेऊन दिला. या आठवड्यातला तिसरा पदार्थ. श्रीपाद म्हणाला, “प्रायश्चित्त घेणाऱ्यानं उपास करायचा असतो, दुसऱ्याला चारायचं नसतं.” म्हटलं, शास्त्रात ब्राह्मणभोजन सांगितलंय. “ते मेथडिस्ट आहेत,” म्हणाला.

काकांनी शिरा चाटूनपुसून खाल्ला. मग विचारलं, म्हातारी कशी आहे. म्हणजे मोअर. म्हटलं, छान आहे. म्हणाले, “उगाच जीव काढू नकोस तिच्यापायी.”

जीव काढू नकोस. म्हणजे — माझ्या वस्तूला फार हात लावू नकोस. दुसरा काय अर्थ निघतो?

२४ एप्रिल

कपडे वाळत घालत होते. काका कुंपणाशी आले. हवा, गुडघा, ट्युलिप. मग जाता जाता —

“ती उजवी मूठ टिकली का गं? एनिडचा अंगठा धरायला लागला, तेव्हा मी केली होती. हातोड्याचा मोडका दांडा होता, तोच तासला. दिसायला भिकार. पण तिचा हात बसायचा.”

मी म्हटलं, “टिकलीय. मस्त आहे.”

किती सहज निघालं तोंडातून! हातातली उशीची खोळही पडली नाही.

“बरं तर मग,” काका म्हणाले.

२५ एप्रिल

शेगडीतली राख चाळली. काय मिळणार होतं?

२७ एप्रिल, रविवार

फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. श्रीपादच्या हातोड्याचा दांडा कापला. तो दारात येऊन बघत राहिला. त्याला हातोड्याचं वाईट वाटलं असावं, पण बोलला वेगळंच — “सरळ सांगून टाक ना. एक वाक्य आहे.”

“एक वाक्य मला कधी जमलंय?”

“तेही खरंच.”

पहिली मूठ फार सुबक झाली. काका सुबक करत नाहीत. दुसरी जमली — तीच जाडी, तोच फुगवटा. दोरा चहात उकळला, मेण चोळलं, हातांना तेल लावून मळली. काकूंच्या अंगठ्याची जागा माझ्या अंगठ्यानं झिजवत बसले. माझा अंगठा धडधाकट आहे, तो त्या खळग्यात नीट मावतही नाही.

मूळ पाठ प्रक्षिप्त म्हणून जाळला, आता प्रक्षिप्त रचून मूळ म्हणून खपवणार. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

३ मे, शनिवार

परत दिलं.

सोनेरी अक्षरांचं मोअर, आणि उजवीकडे ती मूठ. म्हटलं, “सिरिल, हे तुमचंच आहे. मी फक्त थोडी डागडुजी केली.” काका फाटकात उभे. बाजूला व्हायला त्यांना वेळ लागला. मग उजव्या मुठीवर हात ठेवला, अंगठ्यानं तो खळगा चाचपला.

“फार मेहनत घेतलीस,” म्हणाले.

“काही नाही हो.”

“बरं तर मग.”

शेडमध्ये मीच ढकलून ठेवलं. भिंतीशी, मागे, सुरक्षित. डोळे त्यांचेही ओले होते, माझेही. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

६ मे

पुढचं पत्र लिहायला घेतलंय. ‘न बोललेलं ऐकणं’ असं नाव ठेवणार आहे. स्वतःवर जरा खूष आहे, आणि हे लिहिताना शरमही वाटतेय, कारण मुठीचं त्यात येणार नाही.

काकांचा स्वयंपाकघराचा पडदा आजही ओढलेला. ती खिडकी शेडकडे आहे. ट्युलिपांना पाणीही घातलेलं दिसत नाही. झारी शेडमध्ये असते.

११ मे, रविवार

हिलरी भेटली. काकांची मुलगी, दर रविवारी चेस्टरफील्डहून येते. गाडीत बसता बसता थांबली, माझ्याकडे आली.

“रागावू नकोस मॅंडी. पण ते परत का आणलंस?”

म्हटलं, त्यांना द्यायचं नव्हतं ना. त्यांच्या बोलण्यावरून…

“बोलण्यावरून? बाबांनी अख्खा हिवाळा घालवला ते बोलायला. द्यायचं तर तुलाच, हे ठरलेलं होतं. पुसून, शेडच्या तोंडाशी आणून ठेवलं आणि तू कधी येतेस त्याची वाट बघत बसले. ते तिथे असलं की त्यांना शेडमध्ये पाऊल टाकवत नाही. तू नेलंस त्या दिवशी मला फोन करून म्हणाले, गेलं एकदाचं, चांगल्या घरी गेलं.”

मग मी परत आणलं तेव्हा नको का नाही म्हणाले?

“तू एवढी मेहनत घेतली होतीस. नको कसं म्हणणार?” गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात. “आणि ती मूठ आईची नाही, हे त्यांना हात लावताच कळलं. पण म्हणाले, पोरीनं किती जीव लावून केलीय.”

म्हणजे काका अभिधेत बोलले होते. ‘घेऊन जा’ म्हणजे घेऊन जा. ‘जीव काढू नकोस’ म्हणजे जीव काढू नकोस. आणि मी काकूंची जागा हातोड्याच्या दांड्यातून कोरून त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

पत्र फाडलं.

१२ मे

सकाळीच गेले. केक नेला नाही.

म्हटलं, “सिरिल, मूठ मी जाळली. आणि मोअर मला हवंय.”

काका माझ्याकडे बघत राहिले — मी म्हणतेय त्याच्यामागे आणखी काही आहे का, ते शोधत. मग म्हणाले, “खरंच?”

“खरंच.”

ढकलगाडी नेली नव्हती. डावी मूठ मी धरली, उजवी त्यांनी. कोपऱ्यापर्यंत.